साडूंचे पाचशे जीबी

घाटंजीत पापड-कुरडया घरी करणारी माणसं पुष्कळ. कॉम्प्युटर चालवणारी आख्खी यंत्रणा घरी करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. लोक लिनक्स नावाची यंत्रणा तयार उतरवून घेतात. आमचे साडू त्यातला एकेक प्रोग्राम स्वतःच्या हातानं बांधणार होते. पण आधी पाचशे जीबीच्या डिस्कचे भाग पाडायचे होते, आणि त्यातच पावसाळा, दसरा, संक्रांत निघून गेली. त्यांना दुसरा विषयच उरला नाही. पुतण्याच्या वरातीत घोड्यामागे चालताना त्यांनी माझं कोपर धरून मेमरीला जोड देणाऱ्या भागाबद्दल विचारलं, "स्वॅपले आठ देऊ का सोळा?" बँडच्या आवाजात मी "सोळा!" असं ओरडलो, तर तीन दिवस बोलले नाहीत; मी विचार न करता बोललो, असं त्यांचं म्हणणं. मग अंगणात त्यांनी खडूनं पाच मीटरची रेघ ओढली, एका सेंटिमीटरला एक जीबी, आणि तिचे भाग पाडून नावं लिहिली. "स्वॅपवरून या बाई, रूटवर पाय नका देऊ," असं ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

शेवटी यंत्रणेसाठी, म्हणजे रूटला, दहा जीबी ठरले. चारशेच्या वर गेले 'होम'ला, म्हणजे घरच्यांच्या फायली ठेवायच्या भागाला, तेही हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलीच्या नावानं. "पोरगी आली का तिचं सामान ठेवाले जागा नको?"

बांधकाम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी मशीननं कळवलं, जागा संपली. ताई रेघेकडे बघत म्हणाल्या, "एवढी रिकामी पडून हाये, अन् जागा नाही कायले म्हणते थे?"

"थे पोरीची हाये."

"मंग तिच्यातली घ्या."

"तिले विचारल्याबिगर?"

त्यांनी माझ्यादेखत फोन लावला. घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुह्या जागेतून तीस जीबी घेऊ का?"

ती खळखळून हसली. "बाबा, सगळीच घ्या ना! माह्यं सगळं फोनमधीच राह्यते."

साडूंनी सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. पंधरवड्यानं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, ताईंनी चहा ठेवला. मग मी बघितलं, तर मुलीच्या जागेतून त्यांनी मोजून तीसच घेतले होते.

"भाऊ, पोरगी तर सगळी घ्या म्हणे. तीसच काहून?"

बाहेर ऊन तापायला लागलं होतं.

"दिवाळीले येते म्हणाली," ते म्हणाले.