केरबाची हयात

जिनिंगमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगावरचा कापूस कधी पुरता निघत नाही, तसेच त्याच्या डोक्यातले किस्सेही. मी जालन्याच्या स्टेशनजवळच्या एका जिनिंगमध्ये हजेरीचा मुन्शी होतो. निजामाचा अंमल, रजिस्टर उर्दूत, आणि रोज सकाळी भोंगा झाला की दीडशे नावं पुकारायची. असं वर्षानुवर्षं केलं की माणूस एक तर बहिरा होतो, नाही तर चौकस. मी चौकस झालो. "हे नाव तुला का ठेवलं रे?" हे मी एकूण एक माणसाला विचारलेलं आहे. त्यातलं एक नाव असं होतं, की त्याच्यावर एका पोरीचा जीव टांगलेला आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्याच्याकडे येतोच, पण आधी मंडळींची ओळख होऊ द्या.

*

आमचे मालक मारवाडी, कजोडीमल शेठ. इंजिन सांभाळायचा दखनी बोलणारा घुडूमिस्त्री. हमालांचा मुकादम केरबा. एकदा हैदराबादहून एक साहेब तपासणीला आले. यादी वाचता वाचता थांबले आणि शेठसमोरच मला विचारलं, "मुन्शी, ये कजोडीमल का मतलब क्या होता है?"

सांगावं की नको? पण विचारलंच होतं. मी माझ्या मोडक्या उर्दूत सांगितलं, "मारवाडीत कजोडा म्हणजे कचरा, हुजूर. आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून यांचं नाव असं ठेवलं. कचऱ्याकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणतात."

"और घुडू?"

"दखनीत घुडा म्हणजे उकिरडा, हुजूर. कारण तेच."

"और केरबा?"

"केर म्हणजेही कचराच, हुजूर."

तीन बोलींच्या तीन आयांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केली होती. साहेबांना ते काही पटलं नाही. नाकाशी रुमाल धरून म्हणाले, "इस कारखाने में किसी का नाम साफ-सुथरा भी है?"

शेठ शांतपणे म्हणाले, "है ना साब. ये हमारे मुन्शीजी. नाम यशवंत. मॅट्रिक में दो बार फेल."

तपासणी तिथेच संपली. शेरा उत्तम मिळाला.

*

यंत्रांना तेल घालणारा जुम्मन शुक्रवारी जन्मला म्हणून जुम्मन. वजनकाट्यावरचा शुक्र्याही शुक्रवारी जन्मला म्हणूनच शुक्र्या. जुम्मनला शुक्रवारी दुपारी नमाजासाठी तासभर सुट्टी मिळायची. शुक्र्याच्या डोळ्यांत हे खुपलं. तो थेट शेठकडे गेला.

"तू कुठं नमाज पढतोस?" शेठने विचारलं.

"न्हाई पढत, शेटजी. पन वार माहाबी तोच हाय. जुम्मन देवाचं नाव घेतो, मी तेवढा येळ पडून ऱ्हातो."

शेठला हसू आवरेना. त्या भरात त्यांनी सुट्टी दिली. पुढच्या आठवड्यात मी मान वर केली तर सोमा, मंगळ्या आणि बुधाजी माझ्या टेबलासमोर रांगेत उभे होते.

*

बॉयलर बघायला वर्षातून एकदा एक गोरा साहेब यायचा. आडनाव कार्पेंटर. माझी चौकशीची खोड गप्प बसू देईना, म्हणून मी आमच्या सखाराम सुताराला सांगितलं, की बाबा, या आडनावाचा अर्थ सुतार.

"मंग आपल्यातलेच झाले की," सखाराम म्हणाला. त्याच दिवशी त्याने साहेबाला जेवायचं बोलावणं केलं, आणि नवल म्हणजे साहेब गेला. दुभाषा म्हणून मीही गेलो. सखारामने स्वतः केलेला पाट मांडला. साहेबाने बसण्याआधी तो उचलला, उलटा केला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

सखारामने 'बघा, सुतारच' अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

जेवणं झाल्यावर साहेबाने सांगितलं, की त्याचा खापरपणजा सुतारच होता, त्याच्यानंतर घरात कुणी हत्यार धरलं नाही. मी ते सखारामला सांगितलं. सखाराम उठला, आपला एक रंधा आणून साहेबाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "कामून बंद केलं? घ्या, करा सुरू."

साहेब तो रंधा मांडीवर घेऊन टांग्यात बसला.

*

आता केरबा. त्याची आणि साळूबाईची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. चौथी पोर झाली तेव्हा साळूबाईने ठरवलं, ही आपली म्हणून ठेवायचीच नाही. विकायची.

विकायची म्हणजे ओंजळभर कोंड्यावर. आपल्याकडे ती रीत होती. लेकरू दुसऱ्याच्या नावावर करायचं, मरण शोधत आलं तर ते त्या घरचं निघतं. वाढवायचं आपणच, नाव मात्र विकत घेणाऱ्याने ठेवायचं. घुडूमिस्त्रीला मूलबाळ नव्हतं. तो साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आला, साळूबाईच्या पदरात कोंडा घातला आणि पोर उचलून घेतली.

"आता नाव ठेवा," केरबा म्हणाला. "चांगलं घाण बघून ठेवा."

"हयात," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे जिंदगी."

केरबाचा चेहरा उतरला. मीसुद्धा मध्ये पडलो. "मिस्त्री, असं नाव ठेवणं म्हणजे मरणाला घरचा पत्ता देणं. दगडी ठेवा, धोंडी ठेवा."

"मुन्शीजी, उमरभर लोगां मेरे कू उकिरडा बोलके बुलाए. अब पोर मेरी है. मेरी पोर का नाम मैं कचरा नै रखतूँ."

विकलेली पोर. केरबाला बोलायला जागाच नव्हती. पण त्या दिवसापासून तो तिला नावाने हाक मारेना.

*

चौथ्या वर्षी हयातला देवी आल्या. केरबाने मिस्त्रीचे पाय धरले. "चाचा, आता तरी नाव बदला."

"बदलूँ तो वो जवाब कौनसे नाम कू देगी?" मिस्त्री म्हणाला.

रोज सकाळ-संध्याकाळ तो केरबाच्या दाराबाहेर उभा राहून हाक मारायचा, "हयात!" आतून बारीकसा "ओ" यायचा. मग तो कामाला जायचा. सहाव्या दिवशी "ओ" आला नाही. मिस्त्री जागचा हलला नाही, हाका मारतच राहिला. त्या दिवशी इंजिन सुरूच झालं नाही आणि शेठने कारणही विचारलं नाही. मी रजिस्टर बंद करून त्याच्याजवळ जाऊन बसलो. मला फार भीती वाटली होती.

सातव्या दिवशी दुपारी आतून आवाज आला, "चाचा, वरडू नका. मी झोपले हाय."

मिस्त्रीने कारखान्यात जाऊन पाच मिनिटं भोंगा वाजवला. अर्धं जालना आग लागली म्हणून धावत आलं.

*

हयातचं लग्न ठरलं ते घनसावंगीला. लग्न नवऱ्याच्या दारी, आम्ही सगळे बैलगाड्यांनी गेलो. विकलेल्या पोरीचं कन्यादान बापाला करता येत नाही, आधी ती परत विकत घ्यावी लागते. म्हणून केरबाने भर मांडवात मिस्त्रीच्या हातात सूपभर कोंडा दिला. मिस्त्रीने तो घेतला, पण "दिली" म्हणेना.

"एकीच बात है," तो म्हणाला. "पोर का नाम बदलने का नै."

नवऱ्याची आई सोनाबाई मोठी ठाम बाई. ती म्हणाली, "आमच्यात सुनंचं नाव बदलतंच. गोदावरी ठरलंय. गावाला सांगून झालंय."

"तो फिर पोर अब्बी मेरीच है," मिस्त्री म्हणाला आणि सूप हातात धरून खांबाला टेकून बसला.

भटजी मुहूर्त जवळ आला म्हणून सांगू लागले. साळूबाई हात जोडून म्हणाली, "चाचा, लगीन मोडंल." हयात मुंडावळ्या सावरत आली आणि मिस्त्रीच्या मागे उभी राहिली.

सोनाबाई माझ्याकडे वळली. "मुन्शीजी, तुमी शिकलेले. काय हाय एवढं त्या नावात?"

मी सांगितलं. हयात म्हणजे आयुष्य. मग गेलेली तीन भावंडं सांगितली, कोंडा सांगितला, देवी सांगितल्या, दाराबाहेरची हाक सांगितली. सोनाबाई सगळं ऐकून घरात निघून गेली. लग्न मोडलं असंच मी समजलो.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू होतं. थोरल्या मुलाचं, तीन महिन्यांचं. मागे दारात थोरली सून पदर तोंडात धरून उभी होती. तिची आधीची दोन गेली होती आणि या तिसऱ्याचं बारसं करायला कुणी धजलं नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"सुनंचं नाव ऱ्हाऊ द्या तेच," सोनाबाई म्हणाली. "पन चाचा, आधी ह्याला इकत घ्या. मंग लगीन."

तिने लेकरू मिस्त्रीच्या मांडीवर ठेवलं आणि पदर पसरला.

मिस्त्री केरबाला म्हणाला, "ले जा रे, दिली तेरी पोर." मग त्याने सूप उचललं आणि केरबाचा सगळा कोंडा सोनाबाईच्या पदरात ओतला.