हंसाआत्याचं टाकून पाहिलेलं विमान

आमची हंसाआत्या कुठलीही वस्तू खाली टाकून बघितल्याशिवाय घेत नाही. डबा, छत्री, एकदा तर मोबाईलसुद्धा. तुळिंजच्या बाजारातला माठवाला तिला लांबूनच ओळखतो आणि चांगले माठ आत सरकवतो.

आत्या पंचावन्नची. खाडीकडेला तिचं भाताचं शेत आहे. कापणी झाली की दर रविवारी तिथे रिमोटवर विमानं उडवणारी आठ-दहा माणसं जमतात. आत्या त्यांना जागा देते, चहा पाजते आणि बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मान दुखेपर्यंत वर बघते. तीन वर्षं बघून झाल्यावर ती मला म्हणाली की तिलाही विमानाच्या कोलांट्या मारायच्या आहेत.

मी हसले. तिथेच चुकले, कारण शिक्षा म्हणून स्कूटरवरून तिला ज्युलियसच्या खेळण्यातल्या विमानांच्या दुकानात मलाच न्यावं लागलं.

या विमानवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख देवेश सर यांची अट ठरलेली. दोन सभासदांसमोर एक पूर्ण कोलांटी आणि मग चाकांवर उतरणं, तेव्हाच सभासदांच्या वहीत नाव. मी आत्याला म्हटलं, शेत तुझं आहे, नुसते डोळे वटारलेस तरी मुकाट्याने लिहितील. तसं नको, म्हणाली. त्या शेतात लग्नांचे मांडव उभे राहिले, क्रिकेट झालं, विमानं उडाली, पण ‘तूही ये खेळायला’ असं तिला कधी कोणी म्हटलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

ज्युलियसने आधी शिकाऊ विमान काढलं. रिमोटवरचा हात सोडला की आपोआप सरळ होतं, असं तो कौतुकाने सांगत होता. आत्याने नाक मुरडलं. उलटं करायला घ्यायचं आणि ते सारखं सरळ होणार, तर घ्यायचं कशाला? मग त्याने हलक्या लाकडाचं एक देखणं विमान पुढे केलं आणि त्याच्या वेगाची तारीफ सुरू केली.

“उडतान सगलीच,” आत्या म्हणाली. “पडल्यावर काय होतं, ते सांग.”

ज्युलियसने विमान छातीशी धरलं. कोपऱ्यात तिसरं होतं, फोमचं, पिकल्या पपईच्या रंगाचं. त्याचे पंख वरून-खालून सारखेच फुगीर, त्यामुळे उलटंही नीट उडतं. आत्याने दुकानाच्या माळ्यावर चढून ते सरळ खाली सोडलं. ज्युलियसने डोळे मिटले. विमान उसळून टेबलाखाली गेलं, तुटलं मात्र काही नाही. शेपूट सुटी मिळते का, एवढं विचारून तिने ते घेतलं.

पुढचे दोन महिने ते विमान पडत होतं. विमान उलटं असताना रिमोटची दांडी ओढली की ते जमिनीकडे जातं, हे सरांनी सात वेळा सांगितलं आणि आत्याने आठ वेळा करून पाहिलं. वाकलेलं नाक गरम पाण्यात धरलं की सरळ होतं, म्हणून ती ते चहाच्या पातेल्यात बुडवायची. सभासदांनी चहा सोडला. चाकं तर पहिल्याच आठवड्यात भाताच्या धसकटांत गेली.

मग एका रविवारी कोलांटी जमली. अगदी गोल. सगळे उभे राहिले. विमान पोटावर घसरत उतरलं आणि सरांनी हळूच आठवण करून दिली की अट चाकांची आहे. मला असा संताप आला की मी शेताचा सातबारा काढायला निघाले होते. आत्याने मला गप्प बसवलं.

पुढच्या रविवारी विमानाला खोबरेल तेलाच्या बाटल्यांची दोन झाकणं लागली होती, मध्ये सायकलची तार. कोलांटी झाली. विमान झाकणांवर टेकलं, चार हात धावलं आणि मग नाकावर उलटलं. सर आणि दुसरे एक सभासद एकमेकांकडे बघत राहिले. आत्या रिमोट घट्ट धरून उभी होती.

सरांनी वही उघडली आणि लिहिलं: हंसा भोईर, जागामालक.

आत्याने वही ओढून घेतली, शेवटच्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

“उडवनारी लिव.”