एक पेला मैदा

"पहले छानो, म्याडम. दाबून भरला तर मैदा खोटं बोलतो."

देवपुरातल्या भट्टीवाल्या चाचांचं हे वाक्य मी दर दिवाळीत ऐकलं. आमच्याकडे मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची आणि नानकटाई भट्टीवर करून घ्यायची. चाचा गिऱ्हाइकाच्या डब्यातला मैदा चाळत, एका जुन्या पितळी पेल्याने मोजून घेत आणि उरलेला परत देत. चिमूटभरसुद्धा ठेवून घेत नसत.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. 'एक पेला' हे माप माझ्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

"चाचा, ग्रॅममध्ये सांगा ना. पेल्यात आज एवढं बसतं, उद्या तेवढं. तूप तर मे महिन्यात पाणी आणि दिवाळीत घट्ट."

"तुमचा काटा ग्राम सांगतो. खुसखुशीत किती, ते सांगतो का?" असं म्हणून ते माझ्याच हातात चाळणी द्यायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याशी वाद घालायचा आणि खायचं मात्र त्याच्याकडचंच.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात चाचांना लकवा मारला. उजवा हात गेला. भट्टी त्यांच्या मुलीने हाती घेतली, कारण घर तिच्यावरच आलं होतं. पेला तोच, भट्टी तीच, पण तिचा हात घाईचा. नानकटाई कधी पसरायची, कधी दगड व्हायची. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलली नाहीत, फक्त पुढच्या वेळी दुसरीकडे गेली. दिवाळीही अशीच गेली तर भट्टी बंद करावी लागेल, असं तिने मला सांगितलं.

मी घरचा काटा घेऊन गेले. खरं सांगते, थोडी ऐटीतच गेले. मुलीने पेला भरला. पेल्याचं वजन वजा करून मैदा भरला दोनशे पंचेचाळीस ग्रॅम. आणि चाचांचा पेला किती ग्रॅमचा? ते कसं कळणार? भरणारा हात तर शेजारी खाटेवर बसलेल्या चाचांच्या मांडीवर पडून होता.

चाचांनी डावा हात, भरताना पेला धरायचा तो, पुढे केला. "इधर दे."

मुलीने पेला त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ज्यादा है. निकाल."

तिने चमचाभर मैदा काढला.

"और."

आणखी काढला. चाचांनी मान हलवली. "बस."

मी वजन केलं. दोनशे दहा. सगळं ओतून पुन्हा भरायला लावलं. दोनशे अकरा. सात वेळा केलं, तीन ग्रॅमच्या पलीकडे फरक नाही. साखरेचंही तसंच. तूप तर मी मुद्दाम एकदा पातळ दिलं, एकदा घट्ट. चाचा फसले नाहीत.

पेल्याच्या नावाखाली हा माणूस चाळीस वर्षं वजनच करत होता, आणि ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"चाचा, काटा तुमच्याकडेच होता की!"

"तो लिख लो, म्याडम. पुराना हो गया है," ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. मुलीने आकडे खडूने भिंतीवर लिहिले आणि काटा मी तिथेच ठेवून आले.

चाचा दसऱ्याच्या आधी गेले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले, तो मला आवडत होता, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आठवड्यात मी डबे घेऊन गेले, तेव्हा माझ्यापुढे सातपुड्याकडच्या गावातली एक अक्का उभी होती. वर्षातून एकदाच येणारी. लकव्याचं तिने कुठूनतरी ऐकलं होतं, पुढचं ऐकलं नव्हतं. मुलीने पत्र्यावरची गरम नानकटाई तिच्या हातावर ठेवली. अक्काने तुकडा तोडून तोंडात टाकला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "चाचाना हात बरा व्हई गया वाटस!"

"हो अक्का," मुलगी म्हणाली. "एकदम बरा."

मग भट्टीकडे तोंड करून तिने पुढचा पत्रा आत सरकवला.