धाकट्या आजीचा आवाज

तुमच्या धाकट्या आजीइतका मोठा आवाज आपल्या तालुक्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. तो तिला देवाने नाही, शाळेने दिला. माझी ही जाऊ बेलापूरजवळच्या एका शाळेत चौथीला शिकवते. वर पत्रे, खोली एकच, मध्ये लोखंडी कपाट आणि कपाटापलीकडे तिसरीचे गुरुजी. हिने पाढे सुरू केले की गुरुजी कविता चढ्या आवाजात घेत, मग ही पाढे आणखी चढवी. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात. त्यांच्याही वर ही दोघं. तो आवाज घरी येऊनही उतरत नसे. मीठ मागायचं तरी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं मागायची आणि वर विचारायची, "मागचे, ऐकू येतंय का?" मागे नुसती भिंत. तिचा फोन मी हातभर लांब धरून ऐकत असे. एका लग्नात तिचा नातू पंगतीत चुळबुळ करत होता. त्याला तिने "हाताची घडी, तोंडावर बोट" एवढंच म्हटलं, तर जेवायला बसलेल्या तिच्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी, त्यांत एक सरपंच, मुकाट्याने घडी घालून ओठांवर बोट ठेवलं. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन ताटकळला.

गेल्या हिवाळ्यात घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्द नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर ठेवायला लावलेलं बोट आता तिच्याच तोंडावर आलं. मी म्हटलं, रजा घे. तिने पाटीवर लिहिलं, 'आणि पोरं?'

वर्गात ती सगळं फळ्यावर लिहू लागली. वाचायच्या नादात पोरं गप्प झाली. पलीकडे सवयीने ओरडणारे गुरुजी एकाएकी स्वतःचाच आवाज ऐकून दचकले आणि कपाटाआडून डोकावले.

"बाई, वर्ग सोडला का काय तुमी?"

तिने फळ्यावर लिहिलं, 'हळू बोला, ऐकू येतं.'

तेव्हापासून गुरुजी खालच्या पट्टीत शिकवतात. ट्रॅक्टर आला की दोन्ही वर्ग दप्तरावर डोकं टेकून तो जाईपर्यंत थांबतात. पोरं तर ट्रॅक्टरची वाटच बघतात.

तिचा आवाज परत आला, पण बारीक, दोऱ्यासारखा. आता तिचा फोन आला की मी पंखा बंद करते आणि मोबाईल कानाला घट्ट लावते. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती तुम्हालाही विचारते, "मागचे, ऐकू येतंय का?" तुम्ही म्हणता, नेटवर्क खराब आहे. नेटवर्क चांगलं असतं, बाळांनो. तेवढा वेळ तुमचा टीव्ही बंद करत जा.