कापलेलं नरसाळं

वीज गेली तरी पंखा लगेच थांबत नाही. आधी पात्यांचं एकच करडं वर्तुळ असतं, मग त्यात तीन सावल्या वेगळ्या होतात, मग कडा दिसू लागतात. दुपारचं जेवण उरकून माजघरात चटईवर आडवी झालेली वैजयंती ते पाहते आहे. ती शाळेत विज्ञान शिकवते. हे जडत्व तिनं कितीतरी वर्गांना समजावलं आहे. पाती नीट मोजता येतील इतक्यात तिचे डोळे मिटतात, आणि पंखा पुन्हा वेग घेतो.

आता तो पंखा नाही, झावळ्यांचा भुसा करणाऱ्या श्रेडरचा ढोल आहे. आत सुऱ्या फिरताहेत आणि समोर तिचा नवरा उभा आहे, अच्युत. सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून रिकामी लोंबते आहे.

गेल्या वर्षी खंडेनवमीला या मशीनला झेंडूची माळ घातली होती. पुढे झावळ्या कुटायला मशीन सुरू केलं तेव्हा ती काढायची राहिली आणि आत ओढली जाऊ लागली. अच्युतनं बटण बंद केलं. देवाच्या माळेचे तुकडे नकोत म्हणून लगेच हात आत घातला. ढोल अजून फिरत होता. तोंडावरचं लांब पत्र्याचं नरसाळं शाबूत असतं, तर हात सुऱ्यांपर्यंत पोचलाच नसता. पण लांब झावळी वळत नाही म्हणून ते त्यानंच कापून वीतभर केलं होतं.

अच्युत त्यातच गेला. तेव्हापासून मशीनच्या खोपीला कुलूप आहे. बागेत झावळ्या कुजताहेत, त्यात माड पोखरणारा गेंड्या भुंगा माजलाय, माडांचे शेंडे जळताहेत. धाकटा दीर मुकुंद किल्ली मागतो आणि वैजयंती 'बघू' म्हणते.

"ये, हात लाव," अच्युत म्हणतो.

"अहो, नरसाळं कापू नका म्हटलं होतं मी."

"म्हणालीस. मी म्हटलं, शाळा शाळेत ठेव." तो हसतो. "आता भरव शाळा."

ते प्रयोगशाळेत आहेत. मशीन टेबलावर आहे आणि काचेच्या बरण्या थरथरताहेत. अच्युत झावळ्या घालतो, मग स्टूल घालतो, मग स्वतःची रिकामी बाही. पण बाही रिकामी नाही. सुकलेला दांडा मोडावा तसा हाडाचा आवाज येतो आणि पलीकडून लाल भुसा फळ्यावर उडतो.

"दुखत नाही गं. नुसता हिसका बसतो."

ती बटण दाबते. मोटरचा आवाज मरतो. मशीनच्या तोंडात माळ अडकली आहे.

"बंद झालं. काढ ती माळ," अच्युत म्हणतो.

"बंद झालंय. थांबलं नाहीये."

"तेच ते."

"तेच ते नाही."

अच्युत डाव्या हातानं तिचं डावं मनगट पकडतो आणि ओढतो. आता हे स्वयंपाकघर आहे, शेगडीच्या जागी मशीनचं तोंड आहे. सुऱ्यांचा वारा तिच्या नखांना लागतो. ती त्याच्या हाताला कडकडून चावते. हात सुटत नाही. पायाशी झावळीचा दांडा आहे. तो उचलून ती त्याच्या तोंडावर हाणते. नाक फुटतं. ती पुन्हा हाणते, आणि पुन्हा.

"मूर्ख माणूस," ती म्हणते. एवढ्या संसारात त्याला ती असं कधी बोलली नव्हती. "माळ गेली असती तर काय झालं असतं?"

"देवाला वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

तो तिला आणखी पुढे ओढतो. मनगट सोडत नाही. ती दांडा मशीनच्या तोंडात खुपसते. आतून जोराची ओढ बसते आणि ती दांडा सोडून देते. कडाड् आवाज होतो. तिची बोटं बाहेर, शाबूत आहेत.

"हां, असं," मनगट सोडून नाकाचं रक्त पुसत अच्युत म्हणतो. "हातानं नाही, दांड्यानं ढकलायचं. ओढ बसली की सोडायचं. मी सोडलं नाही." मग आवाज उतरतो. "मुकुंद पण सोडायचा नाही. माझाच भाऊ तो."

"वहिनी, झोपलात काय?"

ती डोळे उघडते. उजेड आहे. अंगणात मुकुंद उभा आहे, खांद्यावर कोयता.

"आज तरी किल्ली द्या. चार झावळ्या कुटतो आणि बंद करतो. बटण दिसतं मला, आंधळा नाही मी."

वैजयंती उठून बसते. डाव्या मनगटावर चार बोटं लालनिळी उमटली आहेत. अंगठ्याची खूण कुठे आहे ते ती नीट बघते. धरणारा हात डावा आहे. झोपेत माणूस आपलंच मनगट आवळू शकतं, पण डाव्या हातानं डावं मनगट धरता येत नाही. ती पदर त्यावर ओढते आणि दाराशी येते.

"काय, बघूच का अजून?" मुकुंद विचारतो.

"नाही, भावजी. मशीन सुरू करायचं. पण आधी पूर्ण लांबीचं नरसाळं बसेल. तोवर तुम्ही त्याला हात लावायचा नाही. आणि बसलं की पहिली झावळी मी घालणार."