चार कॅन समुद्र

नव्वदीच्या दशकात मी जळगावात ठिबक सिंचनाचं सामान विकायचो. पाणी थेंबाथेंबाने द्या, हे शेतकऱ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की बायको म्हणायची, "अहो, तुम्ही चहासुद्धा मोजून ओतता." अशा माणसाच्या हाती मेहुण्याने एका रात्रीसाठी समुद्र सोपवला.

मेहुणा बँकेत. मुंबईहून बदली होऊन आला तो खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी घेऊन. आत नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि दगडावर जिवंत पोवळं. पोवळं अंगठीबाहेर मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाणी बदलायचं झालं की तो मुंबईला जाऊन कॅन भरून आणायचा. त्या खेपेला किल्ली देताना म्हणाला, "दाजी, रात्रभर पाणी हलतं राहिलं पाहिजे, नाहीतर सगळं गुदमरून मरेल. लाइट गेली तर मगाने काढा, वरून ओता. बाकी काही करू नका."

मी, बायको आणि सोनगीरहून आलेले माझे वडील, आबा, असे तिघं त्याच्या घरी मुक्कामाला गेलो. आबांनी टाकीभोवती एक चक्कर मारली.

"हाई बठ्ठं पानी खारं शे?"

"हो आबा, सगळं खारं."

"मंग मासास्ले तीस नही लागस का?" माशांच्या तहानेचं मेहुण्याने काही सांगितलं नव्हतं.

अकराला लाइट गेली. पंप थांबला. मी तयारीत होतो. स्टुलावर टाकीतल्याच पाण्याने भरलेली बादली ठेवली, तिला दुकानातली नळी जोडली आणि सवयीने नळीला ड्रिपरही लावले. टाकीत टप... टप... पडायला लागलं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते.

मेणबत्ती धरून आबा बघत राहिले. "तू वावरले पानी दी ऱ्हायना का मासास्ले?"

मग त्यांनीच तांब्या घेतला आणि उंचावरून पाणी ओतायला लागले. भरायचा, ओतायचा. मासे खाली गेले. दीड वाजला तरी म्हाताऱ्याचा हात थांबेना. मलाच लाज वाटली. म्हटलं, "आबा, झोपा आता. मी आहे ना."

इथेच घात झाला. कारण मी होतो.

तांब्याने चार-पाचशे वेळा कोण काढणार? मी ड्रिपर काढून टाकले, नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडाने ओढलं, घोटभर समुद्र प्यायलो आणि टोक खाली ठेवलेल्या बादलीत टाकलं. बादली आपोआप भरेल, मी फक्त उचलून ओतायची. पहिल्या दोन बादल्या झकास गेल्या. तिसरी भरेपर्यंत म्हटलं जरा भिंतीला टेकू.

पाठ ओली झाली तेव्हा जाग आली. उजाडत होतं. फरशीभर समुद्र. टाकी निम्मी रिकामी, पोवळ्याचा शेंडा उघडा पडलेला. तेवढ्यात लाइट आली आणि कोरडा पडलेला पंप घरघरायला लागला.

बायकोने पंप बंद केला आणि फरशी पुसायचं फडकं उचललं. क्षणभर मला वाटलं, ते टाकीतच पिळावं. मग स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आणली, झाकणही उघडलं. बायको म्हणाली, "दादाने काय सांगितलंय?" बरणी ठेवून दिली. अख्ख्या रात्रीत मी पाळलेली ती एकच सूचना. त्यानंतर मी हातात तांब्या घेऊन, जेवढं उरलं होतं तेवढं हलवत बसलो.

सातला रिक्षातून चार कॅन उतरवून मेहुणा आत आला. दारातच त्याची चप्पल चिकटली.

"दाजी, पाणी हललं ना रात्रभर?"

"हललं," मी म्हणालो. "बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत."

तो हसला नाही. बायकोने आबांच्या तांब्यापासून सगळं सांगेपर्यंत त्याने चारही कॅन टाकीत ओतले. मासे वाचले. पोवळ्याचा शेंडा मात्र पांढरा पडला तो पडलाच. पाहुणे विचारायचे, हे काय झालं? मेहुणा माझ्याकडे बघायचा आणि मी चहा प्यायचो.

पुढच्या खेपेला मुंबईला निघताना त्याने पुन्हा माझ्या हातात किल्ली दिली. मला भरूनच आलं.

"सोनगीरला जाऊन आबांना घेऊन या," तो म्हणाला, "आणि ही त्यांच्याकडे द्या."