उपोषणात गोळी चालत नाही

आमच्या संघटनेत बेमुदत उपोषणाचा नियम एकच होता. पाण्याशिवाय तोंडात काही जाणार नाही. लिंबू नाही, साखर नाही, औषधही नाही.

नियम उगाच आला नव्हता. आदल्या वर्षी बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयासमोर बसलो होतो, तेव्हा आमच्यातल्या एकाने खोकल्याची गोळी चघळली. समोरच्या टपरीवर ठेकेदाराची माणसं बसलेलीच असायची. त्यांनी लगेच बोंब ठोकली, "अरे देखो, चॉकलेट खा के अनशन चल रहा है!" पाळी सुटलेले कामगार पोट धरून हसले. कारखान्यांचं सांडपाणी राहिलं बाजूला, खाडीत उताणे पडलेले मासे राहिले बाजूला, आठवडाभर गावात चर्चा चॉकलेटची. तेव्हा दादाने नियम केला. दादा म्हणजे संघटनेचा म्होरक्या. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाचे नियम फार कडक असतात.

त्या वर्षी पुन्हा तिथेच बसायचं ठरलं आणि मी स्वतःहून नाव दिलं. वय पंचविशीच्या आत, पत्रकं लिहिण्यात हात बसलेला, आवाज मोठा. 'खाडी कुणाच्या बापाची?' हे पत्रक माझं. 'औषधं बनवता म्हणून विष ओकायचा परवाना मिळतो का?' हेही माझंच. आणि तीच मी रोज संध्याकाळी पालघरजवळच्या माहीमच्या घरी एक औषधाची गोळी घेत होते. डोक्याची.

ती का, तेही सांगते. वडील गेल्यावर काही महिने मी अंथरुणातून उठेनाशी झाले होते. रडत नव्हते. रडायलाही काही वाटावं लागतं. आई केस विंचरून द्यायची, भरवायची, मी भिंतीकडे बघत बसायची. शेवटी मामाने मुंबईच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि गोळी लिहून दिली. गोळी लागू पडली, हे खोटं सांगणार नाही. काही आठवड्यांनी मला आमटीची चव कळली आणि पुढे भांडायची हौसही परत आली. आई शेजारणींना सांगायची, "रक्तवाढीची गोळी आहे." पाकीट तांदळाच्या डब्यात, खोल. लग्नाच्या मुलीच्या डोक्याची गोळी चालू आहे हे आमच्या वाड्यांमध्ये कळलं असतं, तर पानवेलीपेक्षा वेगाने पसरलं असतं.

त्या डॉक्टरांनी दिवसातून किती घ्यायची ते सांगितलं, जेवणाआधी की नंतर ते सांगितलं. एकदम थांबवली तर काय होईल ते सांगितलं नाही. माझ्या पत्रकात मी हे वाक्य ठळक अक्षरात छापलं असतं : सांगितलं नाही.

तर उपोषणाला बसले आणि गोळी घरी, तांदळाच्या डब्यात राहिली.

माझ्या शेजारी तारापूरकडच्या कोळीवाड्यातली मावशी बसली होती. तिच्या दोन मुलांची होडी खाडीतच चालायची, म्हणजे आता नुसती उभी असायची. मावशी सकाळी उठली की कमरेची डबी काढून निवांत मशेरी लावायची. पहिल्याच दिवशी दादा अवघडून म्हणाला, "मावशी, उपोषण आहे. तंबाखू..."

"मंग? मी खाते काय? दात घासते!" मावशी बोट तसंच तोंडात ठेवून म्हणाली. "तुजा नियम खायाचा हाय. घासायचा नाय."

सगळा मांडव हसला. मीही हसले. मशेरी चालत होती. गोळी चालत नव्हती, आणि ती चालेल का हे विचारायची माझी छाती नव्हती.

सरकारी डॉक्टर रक्तदाब बघायला आले. पट्टा गुंडाळताना त्यांनी विचारलं, "काही औषध चालू आहे?" दादा उभा होता, मावशी होती, दोरीपलीकडे बघे होते. मी म्हणाले, "नाही." त्या वेळी ते खरंच होतं.

सुरुवातीला काही झालं नाही. भूक लागली, भूक मेली. मग एका सकाळी घोषणा देताना हात वर केला आणि तो थरथरायला लागला. तळव्याला घाम, पाठीला घाम, आणि वरून थंडी. भर उन्हात अंगावर काटा उभा. पोटात नुसतं पाणी होतं, तेही ढवळून बाहेर आलं. मावशीने पाठ चोळली. "उपास लागला पोरीला," ती म्हणाली. दादाही तेच म्हणाला. सगळे तेच म्हणाले आणि मलाही ते पटलं. दुपारी डोळा लागला की असं स्वप्न पडायचं की जागी झाल्यावरही ते मांडवात चालूच आहे असं वाटायचं. एकदा मला खाडीतले मासे माझ्या चटईखाली तडफडताना ऐकू आले. मी चटई उचलून बघितली. मावशी बघत होती.

अधिकारी आले, लेखी आश्वासन दिलं, मोसंबीचा रस झाला, हार झाले. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "वाघीण आहेस." वाघीण एस.टी.च्या खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरून बोईसरहून माहीमला आली, कारण गाडी वळली की माझं डोकं तिच्याबरोबर वळायचं आणि परत जागेवर यायला उशीर करायचं.

घरी आईने मऊ भात, मग पोळी, मग बोंबलाची आमटी सुरू केली. आता बरं वाटायला हवं होतं. खरी भीती इथून सुरू झाली. उपास सुटला, अन्न पोटात टिकायला लागलं, आणि बाकी सगळं वाढतच गेलं. भुकेचं नाव संपलं होतं. मग हे काय होतं?

गोळी परत सुरू करावी असं मनात आलं का? आलं. पण मांडवात बसून मी एक अक्कल लढवली होती. इतके दिवस गोळीवाचून काढले ना, म्हणजे सुटली. शिवाय कुणी सांगावं, त्या गोळीची भुकटी आमच्याच तारापूरच्या एखाद्या टाकीत ढवळली गेली असेल. त्यांच्या नाल्याविरुद्ध उपाशी बसायचं आणि त्यांचाच माल गिळायचा? पत्रकात हे फार छान दिसलं असतं. अंगात ते दिसत नव्हतं. अंगात चपलेचा आवाज झाला तरी काळीज तोंडात यायचं.

शब्द सुटायला लागले. पत्रक लिहायला बसले तर 'प्रदूषण' लिहून पुढे काय ते कळेना. हात हलायचा म्हणून अक्षर वाकडं, म्हणून भीती, म्हणून हात आणखी हलायचा. पाय एका जागी राहीनात. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. आई म्हणाली, "अगं बस जरा. घरात पायवाट पाडशील." मी बसले आणि बसल्याबसल्या रडू फुटलं, कशाचं ते माहीत नाही. आईने मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. "हारतुरे घातले ना चार लोकांनी. लागणारच." मिरच्यांचा खकाणा आला नाही म्हणून तिची खात्री पटली. मी एरवी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी मनात आलं, देवा, दृष्टच असू दे. दृष्ट उतरते. वेड उतरतं का?

कारण मला तेच वाटत होतं. डोकं चाललं. भिंतीकडे बघत बसणं हा त्याचा पहिला हप्ता होता, हा दुसरा. यानंतर लोक कुलुपाच्या खोलीत ठेवतात. दादा हळहळेल, ठेकेदाराची माणसं म्हणतील, "वो पागल लडकी? उसका क्या सुनना?" आणि खाडीचा प्रश्न माझ्या डोक्याबरोबर निकालात निघेल. मी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणं म्हणजे खरं करणं.

आमच्या वाडीत मधोमध विहीर आहे. लहानपणापासून तिच्या कठड्यावर बसून मी अभ्यास केलेला. एका दुपारी आई म्हणाली, "पाण्याचा पंप बंद करून ये." मी केळींतून गेले आणि विहिरीच्या अलीकडे पाय थांबले. उडी मारायची इच्छा नव्हती. हे नीट समजून घ्या. मला जगायचं होतं, फार जगायचं होतं. पण आतलं मन माझं राहिलं नव्हतं. जे मन चटईखाली मासे तडफडवतं, ते कठड्यापाशी काय करायला लावेल याचा भरवसा काय? मी मागे मागे सरकत आले, पाठीला सुपारीचं झाड लागलं, ते घट्ट धरून उभी राहिले. पंप तसाच चालू. पाणी आळ्यांतून वाहून वाटेवर आलं, माझे पाय भिजले.

आई शोधत आली. "काय गं? पंप..."

"मला विहिरीकडे पाठवू नकोस," मी म्हणाले.

आईने आधी पंप बंद केला. तशी ती आहे. मग माझा हात झाडापासून सोडवला, बोटं एकेक करून, आणि मला घरात नेलं. तांदळाचा डबा उघडून कोपरापर्यंत हात घातला. पाकीट वर आलं. तिला लिहितावाचता बेताचंच येतं, पण भरलेल्या गोळ्या दिसतात.

"कधीपासून घेत नाहीस?"

"उपोषणापासून."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाही. नियम आहे."

"नियमाला जन्म दिलाय का मी?" आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकलाय. त्याच पावली आम्ही पालघरला गेलो.

स्टेशनाजवळ एक डॉक्टरीणबाई बसायच्या. साधा दवाखाना, बाकावर लंगडणारी माणसं, खोकणारी पोरं. आईने रक्तवाढ वगैरे काही न म्हणता पाकीट सरळ टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि मला विचारलं, "आधी कमी करत आणली की एकदम सोडली?"

"एकदम."

"कुणी सांगितलं नाही, अशी सोडायची नसते?"

"नाही."

बाईंनी पेन आपटलं. माझ्यावर नव्हे. मग त्यांनी घाम, थंडी, ढवळणं, स्वप्नं, पायांची तगमग असं एकेक विचारलं, आणि मी प्रत्येकाला मान हलवत गेले. मला वाटलं, यांना कसं माहीत? शेवटी मी विचारलं, "मला वेड लागतंय का?"

"पहिल्या आजारपणात घाम यायचा? हात कापायचा?"

"नाही. तेव्हा काहीच वाटायचं नाही."

"आणि आता?"

"आता सगळंच वाटतं."

"मग हा तो आजार नव्हे. शरीराला गोळीची सवय झाली होती, तू त्याच्याखालून पाट ओढून घेतलास. वेड नाही हे. उतरेल. गोळी सुटणार आहे, पण थोडी थोडी करून, महिने लावून. मी सांगेन तशी. आणि विहिरीची भीती वाटली तर आईला लगेच सांगायचं. लाजायचं नाही. बेमुदत उपोषण बंद."

मी बाकावर बसून रडले. सुटका झाली म्हणून, आणि संतापाने. मी खाडीतल्या माशांसाठी गळा फाडत होते, माशांना काय पाजलं जातंय ते लोकांना कळलं पाहिजे म्हणून. मला काय पाजलं जातंय ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, कारण विचारायला ते नाव मोठ्याने घ्यावं लागलं असतं.

गोळी परत सुरू केल्यावर काही दिवसांत हात थांबला. भीती इतक्या लवकर गेली नाही. पुढे बाईंनी मात्रा कमी केली तेव्हा पुन्हा घाम आला, पुन्हा आमटी नकोशी झाली. फरक एवढाच की आता मला आणि आईला त्याचं नाव माहीत होतं. आई म्हणायची, "आलं का तुझं पाहुणं? बस म्हणावं चार दिवस." पंप बंद करायला ती स्वतः जायची.

लेखी आश्वासन अर्थातच हवेत विरलं. पुन्हा त्याच जागी मांडव पडला, या वेळी साखळी उपोषण, एकेक दिवसाचं. बाईंनी एका दिवसाला परवानगी दिली, गोळी घेऊन. बैठकीत मी दादाला सांगितलं की औषध नियमातून काढा. तो म्हणाला, "तुझं खरं आहे, पण ते समोरचे..." मी म्हणाले, "मशेरी चालते ना?" मावशी मागून ओरडली, "माज्या मशेरीला मदी नको आनू!" पण नियम बदलला.

संध्याकाळी मी पर्समधून पाकीट काढलं. गोळीचे ब्लेडने अर्धे तुकडे आई करून द्यायची. टपरीवरून अपेक्षित आवाज आला, "ए दीदी, क्या खा रही है? चॉकलेट?"

उत्तर मी आठवडाभर घोकलं होतं. नाव घेतलं की उद्या सगळं बोईसर, परवा माहीम. आईने एवढी वर्षं तांदळात पुरून ठेवलेलं. हात कापत होता, आणि तो गोळी कमी केल्याने कापतोय की भीतीने, ते मलाही कळत नव्हतं.

"दिमाग की गोली है," मी म्हणाले. आवाज फाटला. "अर्धी आहे. सोडतेय. हळूहळू."

टपरीवर कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं. मावशीने माझ्या हातात पाण्याचा लोटा दिला, नीट धरेपर्यंत तो सोडला नाही.

"गिळ आता," ती म्हणाली. "आनि त्यांच्याकडं बघ. खाली बघू नको. खाली बघितलं का त्यांना चॉकलेटच दिसल."

मी बघितलं. गिळली. घशात अडकली आणि मग उतरली.